मामाची प्युजो आणि अर्ध्या एमएमचा ताप

आधीच सांगून टाकतो, ही सायकल दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. प्युजो यूओ-८. १९७०च्या दशकात अमेरिकेत सायकलींची जी लाट आली होती त्यात या मॉडेलचा तिकडे नुसता सुळसुळाट झाला होता, कॉलेजची पोरं, प्रोफेसर, सगळे हीच घ्यायचे. त्यामुळे तिकडे आज विंटेज म्हणून विकायला काढली तर कुणी फार भाव देणार नाही. पण पुण्यात मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि हिचा जवळजवळ एकही आटा इथल्या कुठल्या आट्याशी जुळत नाही. सायकल साधी, पार्ट मात्र अवघड, असा सगळा प्रकार.

मामा एमएस करायला मिशिगनला होता तेव्हा १९७४ साली त्याने ही घेतली, दीडशे डॉलरच्या आतबाहेर पडली म्हणतो. परत येताना घरसामानाबरोबर बोटीने आणली. मग काही वर्षं कर्वेनगरहून पिंपरीला कंपनीत हिच्यावरून जायचा (तेव्हा जाता येत होतं, आता विचारही करवत नाही), मग स्कूटरचा नंबर लागला आणि सायकल जिन्याखाली गेली. ती तिथेच राहिली असती, पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सगळं बाहेर काढायची वेळ आली. भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता. मामा मला म्हणाला, "अरे तू घेऊन जा, पण पुढे भंगारात घालणार असशील तर मला सांगू नकोस म्हणजे झालं."

घरी आणून नीट बघितली. निळी फ्रेम, पुढे प्युजोचा सिंह. हा सिंह गाड्यांच्याही आधीचा आहे बरं का, प्युजोवाले मूळचे करवती बनवणारे, तिथला तो. आपल्याकडे लोकांना प्युजो म्हटलं की नव्वदच्या दशकात कल्याणला बनायची ती ३०९ गाडी आठवते. फ्रेमचा रंग धुळीखाली बऱ्यापैकी शाबूत होता, स्टिकरही होते. पण बाकी: क्रँकचे (पेडल ज्यांना लागतात त्या दांड्यांचे) कॉटर गंजून एकजीव झालेले, मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) दोन्हीकडे फिरतंय, गिअरच्या प्लॅस्टिकला तडा, ब्रेकचे रबर दगडासारखे, टायर हात लावला की भुगा.

मी तसा सायकलचं बऱ्यापैकी घरीच करतो, ओव्हरऑइलिंग, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं वगैरे. तरी पहिल्यांदा वाटलं होतं की महिन्याभरात होईल, शेवटी पावसाळा धरून जवळपास वर्ष गेलं. कारण काम नव्हे, कारण पार्ट. आणि पार्ट न मिळण्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागतं.

सायकलीचे आटे जगभर एका मापाचे नव्हते. इंग्रजांचे इंचात, फ्रेंचांचे मिलिमीटरमध्ये, इटालियन लोकांचं तिसरंच. आपल्या हिरो, अ‍ॅटलस, बीएसए या सगळ्या इंग्लिश घराण्यातल्या, त्यामुळे आपल्या दुकानात जे मिळतं ते इंग्लिश. फ्रेंच माप म्हणजे खालच्या ब्रॅकेटची (क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या नळीची) वाटी ३५ मिमी आणि आटा १ मिमीचा, चिमट्याची वरची नळी २५ मिमी, पेडल १४ मिमी आणि आटा सव्वा मिमी, फ्रीव्हील ३४.७ मिमी. आता इंग्लिश पेडल ९/१६ इंच, म्हणजे १४.२९ मिमी. फ्रीव्हील १.३७ इंच, म्हणजे ३४.८. म्हणजे बघा, फरक असा आहे की डोळ्याला कळत नाही. पार्ट आत जातो, एकदोन आटे छान जातो, आणि मग अडतो, आणि मग आपल्यासारखा माणूस पान्ह्याला पाइप लावतो आणि आटे मरतात. पूर्ण वेगळी मापं असती तर निदान कुणी प्रयत्न तरी केला नसता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फ्रेंच कंपन्यांनी हे माप हळूहळू सोडलं, आणि त्याबरोबर पार्ट बनणंही बंद होत गेलं. हे सगळं मला शेल्डन ब्राऊनने शिकवलं, हा अमेरिकेतला सायकल मेकॅनिक, २००८ साली वारला, पण त्याने फ्रेंच सायकलींबद्दल जे लिहून ठेवलंय ते आजही जगातले सगळे असले येडे लोक वाचतात.

कामाला हात घालण्याआधी मी एक ठरवलं होतं की फ्रेमला नवे आटे पाडायचे नाहीत आणि रंग द्यायचा नाही. बाकी जो पार्ट बदलीन तो उद्या ओरिजिनल मिळाला तर परत बसवता आला पाहिजे. यातला पहिला नियम पुढे एके ठिकाणी मोडला, ते सांगतोच.

सुरुवात कॉटरपासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या सायकलीत क्रँक एक्सलवर घट्ट बसवायला एक पाचरीसारखी पिन असते, तिला एका बाजूने सपाट घासलेलं असतं, तो कॉटर. आपल्या काळ्या घोड्यांना, म्हणजे त्या साध्या जुन्या काळ्या सायकलींना, आजही हेच असतं, त्यामुळे मला वाटलं ही एक गोष्ट तरी सोपी. पेठेत आमचे एक जुने सायकलवाले काका आहेत, त्यांनी बघूनच सांगितलं, "कॉटरवाली आहे ना, मग कसली फ्रेंच आणि कसलं काय, आण इकडे." आणि हातोडा उचलला. मी म्हटलं काका थांबा. हातोड्याने कॉटरचं डोकं पसरतं, मग तो निघतच नाही, आणि खाली आधार नसेल तर तो मार सगळा एक्सलवर आणि वाटीवर जातो. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण काळ्या घोड्याची वाटी पन्नास रुपयांत मिळते, त्यामुळे तिथे ही चैन परवडते. इथे वाटी गेली तर खेळ खल्लास.

मग रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून रोज थोडं सोडत राहिलो. आठवड्याभराने सायकल भोसरीला एका ओळखीच्या लेथवाल्याकडे नेली, त्याच्याकडे मोठा व्हाइस (शिकंजा) आहे. क्रँकच्या एका बाजूला जाड पाइपचा तुकडा ठेवला म्हणजे कॉटरला मागे निघायला जागा, दुसऱ्या बाजूला व्हाइसचा जबडा थेट कॉटरवर, आणि हँडल आवळत गेलो. आवळलं, काही नाही. अजून आवळलं, व्हाइस करकरला. लेथवाला म्हणाला थांबा जरा, असंच ताणावर राहू दे, आणि चहा मागवला. चहा अर्धा झाला असेल तेवढ्यात आपोआप टक्क असा आवाज आला, आम्ही दोघं दचकलो, बघतो तर कॉटर दोन सूत मागे आलेला. दुसऱ्या बाजूचा मात्र इतका सरळपणे नाही निघाला, तो ड्रिल मारूनच काढावा लागला, आधी बारीक, मग मोठं, शेवटी उरलेली साल आत ढकलली.

नवीन कॉटर. काकांकडे डबाभर पडलेत, दहा-वीस रुपयाला एक. पण ते साडेनऊ मिमीचे आणि माझ्या क्रँकचं भोक नऊचं. म्हणजे शहरातल्या प्रत्येक दुकानात मिळणारा पार्ट, आणि बसत नाही तो फक्त अर्ध्या मिमीमुळे! लेथवर ते नऊला उतरवून घेतले, त्याला पाच मिनिटं लागली. मग सपाट बाजू कानशीने घासून क्रँकला जुळवायची, हे काम मात्र घाईचं नाही. दोन्ही कॉटरचा उतार अगदी सारखा हवा, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पेडल मारताना सारखं काहीतरी लंगडं वाटत राहतं. शिवाय दोन्ही उलटसुलट दिशेने घालायचे असतात, म्हणजे एक वरून आणि दुसरा, त्याची क्रँक वर फिरवली की, तोही वरूनच. हे लिहून कळत नाही, हातात घेतलं की लगेच कळतं.

क्रँक निघाल्यावर ब्रॅकेट उघडलं. डावीकडची वाटी आरामात सुटली. उजवीकडे काका मदतीला होते, आणि त्यांचा हात सवयीने पान्हा उलटा फिरवायला गेला, कारण आपल्या सायकलींना उजव्या वाटीला उलटे आटे असतात, पेडल मारताना सुटू नये म्हणून. फ्रेंच लोकांनी दोन्हीकडे सुलटेच ठेवलेत. म्हणजे काका जोर लावून ती वाटी अजून घट्ट करत होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी पान्हा खाली ठेवला, चष्मा काढला, वाकून आट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मग चालता चालता सुटत नाही का रे ही?" सुटते! हीच तर फ्रेंच ब्रॅकेटची जुनी तक्रार आहे. पन्नास वर्षांत सुटली नव्हती म्हणजे कारखान्यातच कुणीतरी मन लावून आवळली असणार. शेवटी ती काढलीच नाही. जागेवरच रॉकेलने धुतली, आरसा आणि टॉर्च लावून बघितली, छर्ऱ्यांची वाट गुळगुळीत होती, मग कशाला छेडायचं. माझं मत असं झालंय की जुन्या वस्तूत जे चांगलं आहे ते काढून बघण्याची जी खाज असते ना, निम्मं नुकसान त्यानेच होतं.

एक्सल मात्र गेलेला होता. छर्रे जिथे फिरतात तिथे खड्डे. छर्रे स्वतः काही प्रॉब्लेम नाही, पाव इंची, म्हणजे दोन सुताचे, एका बाजूला अकरा, कुठेही मिळतात. पण एक्सल फ्रान्समध्ये शोधायचा, त्यातही याच लांबीचा, त्यातही कॉटरवाला... माझा एक कॉलेजचा मित्र लियाँला असतो, त्याने तिकडे जुन्या वस्तूंच्या साइटवर बघून दोन-तीन फोटो पाठवले, पण लांबी कुणी लिहीत नाही, आणि विचारलं तर "माझ्या आजोबांची सायकल होती, मला माहीत नाही" असं उत्तर येतं.

तेव्हा लेथवाला म्हणाला, मी बनवतो की. मी त्याला आधी कागदावर ड्रॉइंग काढून दिलं होतं, सगळी मापं घालून, त्याने ते बघितलंही नाही. जुना एक्सल हातात घेतला, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावलं, नखाने खड्डे चाचपले आणि म्हणाला, "नमुना आहे ना, मग ड्रॉइंग कशाला." मटेरियल त्याने २० एमएनसीआर ५ वापरलं, गिअरच्या पिना वगैरे करतात ते, हे वरून कडक होतं आणि आत चिवट राहतं. साधं ईएन ८ घेतलं असतं तर टर्निंग सोपं झालं असतं, पण छर्ऱ्यांनी काही महिन्यांत परत खड्डे पाडले असते. मग केस हार्डनिंग. एका एक्सलसाठी भट्टी कोण लावणार, म्हणून तो शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे कुणाच्या तरी पिनांच्या लॉटमध्ये सरकवून दिला. परत आला तो काळपट होऊन, मग छर्ऱ्यांच्या वाटेवर ग्राइंडिंग. सगळं मिळून दोन हजाराच्या आत. हा पार्ट अख्ख्या सायकलीत सगळ्यात कमी फ्रेंच आणि सगळ्यात चांगला आहे.

फ्रीव्हील अ‍ॅटम कंपनीचं, १४ ते २८ दातांचं, पाच चकत्या. दोन्हीकडे फिरत होतं म्हणजे आतले कुत्रे (एकाच दिशेला अडकणारे खटके) चिकटले होते, जुनं ग्रीस घट्ट होऊन. रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून, फिरवून, परत बुडवून मोकळं झालं, मग पातळ ऑइल. टिकटिक परत आली. पण चाक नव्याने बांधायचं तर ते हबवरून (चाकाच्या मधल्या भागावरून) काढायला लागतं, आणि काढायला त्याच्या तोंडावर दोन खाचा आहेत त्यात बसणारा खास पाना लागतो. तो परत लेथवाल्याने बनवला, गोल बारमधून, दोन शिंगं ठेवून. हे काढताना एक काळजी घ्यायची, पाना खाचेतून उडाला की खाचा तुटतात आणि मग फ्रीव्हील फोडावं लागतं. म्हणून पाना आधी एक्सलच्या नटने जागेवर दाबून ठेवायचा, मग पाना व्हाइसमध्ये पकडायचा आणि अख्खं चाक ट्रकच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायचं. सैल झालं की नट लगेच थोडा सोडायचा.

एक स्पेअर फ्रीव्हीलही मागवलं होतं अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून, "फ्रेंच" म्हणून, आलं ते इंग्लिश. हे प्रकरण धोक्याचं आहे कारण इंग्लिश फ्रीव्हील फ्रेंच हबवर सैलसर चढतं, वाटतं बसलं, पण चढावर उभं राहून चार पेडल मारले की हबचे आटे साफ. व्हर्निअर लावून बघितलं म्हणून कळलं.

चाकं. मूळच्या रिम स्टीलच्या, क्रोम केलेल्या, २७-सव्वा (म्हणजे २७ इंची चाक, सव्वा इंची टायर). इथे मी ओरिजिनलचा हट्ट सोडला आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक लागतच नाही, मामा स्वतः सांगतो की पावसात तो संचेतीच्या चौकात सिग्नल दिसला की पाय खाली सोडायचा. शिवाय टायर. काकांनी २७-सव्वा म्हणून जे काढून दिलं ते २८-दीड निघालं, काळ्या घोड्याचं. रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास २७-सव्वाचा ६३० मिमी आणि २८-दीडचा ६३५, पाच मिमीचाच फरक, पण चढवलं तर हवा भरल्यावर सुटून येणार. खरे २७-सव्वा अजून बनतात, जपानचे पॅनारेसर, तैवानचे केंडा, पण दर वेळी मागवत बसायचं. त्यापेक्षा ७००सी, म्हणजे ६२२, आज पुण्यात कुठेही मिळतं. त्रिज्येत फरक फक्त चार मिमी, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकवले की झालं, आणि मफॅकच्या ब्रेकला तेवढी जागा आहे. हब मूळचेच ठेवले, नॉर्मंडीचे, दोन्हीकडे ३६ भोकं. काकांनी आधी ४० भोकांची रिम पुढे केली होती, कारण काळ्या घोड्याला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. शेवटी ३६ची अ‍ॅल्युमिनियमची जोडी टूरिंग करणाऱ्या एका मित्राकडून मिळाली. चाकं मीच बांधली, आउट काढायला काकांनी बसवलं, तिथे त्यांच्या बोटाला तोड नाही. स्टँडही लावत नाहीत, ब्रेकच्या रबराजवळ अंगठ्याचं नख धरतात आणि चाक फिरवतात, नख लागलं की तो आरा पाव आटा.

गिअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारा पार्ट, हा सगळ्यात वादाचा विषय. मूळचे सिम्प्लेक्सचे. ही दिजाँची कंपनी, एके काळी फार मोठं नाव. साठच्या दशकात त्यांनी गिअर डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकचे करायला सुरुवात केली, हलके आणि स्वस्त, नवीन असताना छान चालायचे. पण वर्षं गेली की ते ठिसूळ होतं, आणि जिथे गिअर फ्रेमला बोल्टने लागतो नेमका तिथेच तडकतं. माझाही तिथेच तडकला होता. मित्राने लियाँहून तसाच दुसरा पाठवला, डबाबंद, न वापरलेला, बघून इतका आनंद झाला! बसवला, गिअर टाकला, मस्त चालला. चौथ्या दिवशी खडकवासल्याला जाताना त्याच जागी तडा. न वापरलेला होता, पण वय तर तेवढंच होतं ना.

मग सनटूरचा गिअर घ्यायचा ठरवला, व्ही-जीटी, जपानी, त्याच काळातला, पूर्ण धातूचा आणि सरळ सांगायचं तर कुठल्याही फ्रेंच गिअरपेक्षा चांगला. पण सिम्प्लेक्सच्या फ्रेमवर गिअर टांगायच्या कानाला आटेच नसतात, साधं भोक असतं, बोल्ट आरपार आणि मागून नट. सनटूरला १० मिमी, १ मिमीचा आटा लागतो. म्हणजे फ्रेमला आटे पाडणं आलं. बरेच दिवस यावर अडलो. मग लक्षात आलं की भोकात आटे पाडले तरी सिम्प्लेक्सचा बोल्ट आरपार जाणारच आहे, मागून नट लागणारच आहे, म्हणजे उद्या परत फिरता येतं. तेवढ्यावर मनाची समजूत घातली. आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) कुठे मिळाला? मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये! छोट्या मोटरसायकलींना जो १० मिमीचा स्पार्क प्लग येतो त्याचे आटे हेच, १० बाय १. प्लगचे आटे खराब झाले की ते साफ करायचा टॅप गॅरेजवाल्याकडे असतोच. त्याने पाच मिनिटांत पाडून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं की सायकलला प्लग कशाला लावताय.

पुढच्या गिअरचा पट्टाही प्लॅस्टिकचा आणि तडकलेला. तोही सनटूरचा घेतला, पण त्याचा पट्टा २८.६ मिमीच्या पाइपसाठी, आणि फ्रेंच पाइप २८. मध्ये कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून तीन घड्या घातल्या, हलत नाही. हँडलच्या पकडीतही तेच केलं. हँडलचा गूजनेक (हँडल धरून ठेवणारा वाकडा दांडा) मूळचा एव्हीए कंपनीचा होता, तो मात्र मी अजिबात वापरला नाही आणि कुणी वापरूही नये, खाली चिरेपाशी तडकायसाठी तो जगभर बदनाम आहे. आणि हँडल हातात आलं तर काय होतं ते सांगायला नको. इथला गूजनेक २२.२चा, फ्रेंच नळी २२ची. लेथवर फिरवता येत नाही कारण पुढे तो नाकासारखा भाग आहे, त्यामुळे पॉलिश पेपर गुंडाळून हाताने पॉइंट दोन उतरवला, मॅच बघत बघत. भारताची बॅटिंग होती, बोलिंग येईपर्यंत झालं.

ब्रेक मफॅक रेसर. हे चीज आहे, क्लेर्माँ-फेराँची कंपनी, आता नाही, पण ब्रेक अजून जगभर फिरतायत. पितळी बुश, सुटे करून साफ केले आणि ग्रीस लावलं. रबर कूल-स्टॉपचे, अमेरिकेत अजून मफॅकच्या मापाचे बनवतात. एक आहे, मफॅक ओरडतात. ब्रेक मारला की अख्ख्या गल्लीला कळतं. रबर पुढच्या टोकाला जरा आत वळवून बसवले की आवाज बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

गंजासाठी बोहरी आळीतून ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणलं, बादलीत पाणी, त्यात थोडं विरघळवून स्टीलचे छोटे पार्ट रात्रभर. हातमोजे घाला, विषारी असतं, आणि अ‍ॅल्युमिनियम त्यात टाकू नका. सकाळी सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच वाळवून तेल. क्रोमवर तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी पुरतो. त्याच दुकानातून लाखेचा चपडाही आणला. हँडलला सुती पट्टी गुंडाळून त्यावर लाखेचे हात द्यायची फ्रान्समध्ये जुनी पद्धत आहे, आणि लाख जाते ती बरीचशी आपल्या झारखंडातूनच. स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून ब्रशने तीन-चार हात दिले, पिवळट पट्टी मधाच्या रंगाची झाली. घरभर सुताराचा वास.

चेन वगैरे सोपं, सहा-सात गिअरच्या सायकलची चालते. पेडल लियोतारचे मूळचेच वाचले. सीटची कातडी गेली होती, तिथे दुसरी सीट टाकली, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

आता साधारण तेरा किलोची सायकल आहे, पुढे ५२ आणि ४० दातांच्या चकत्या. पानशेतला छान जाते. सिंहगडाला ४०-२८ वर माझ्याच्याने होत नाही, तिथे मी उतरून ढकलतो. मामाला नेऊन दाखवली, त्याने एक चक्कर मारली (वय अठ्ठ्याहत्तर, सोसायटीच्या वॉचमनने हात जोडले), ब्रेक मारला, ब्रेक ओरडला, आणि म्हणाला, "हे एवढं बरोबर केलंस." गिअर बदललेला त्याच्या लक्षात आलाच नाही, उलट आता चांगला पडतोय, पूर्वी का पडायचा नाही म्हणून मलाच विचारत होता.

शोध अजून चालू आहे तो ३४.७च्या फ्रीव्हीलचा, कारण अ‍ॅटमचं १४चं चक्र बऱ्यापैकी झिजलंय, अजून दोन-तीन हजार किलोमीटर काढेल. लेथवाला म्हणतो हबवर बसणारी मधली कडी करून देतो, बाहेरून इंग्लिश आटे आणि आतून फ्रेंच. पण दोन्ही आट्यांच्या मध्ये धातूच उरत नाही, कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा त्यालाही पटलं. तेव्हा कुणाच्या माळ्यावर असं काही पडलेलं असेल तर सांगा, पण आधी व्हर्निअर लावून बघा, "फ्रेंच आहे" एवढ्यावर मी आता पैसे पाठवत नाही.